भरलेला रोल

कारखान्यातल्या ओळखपत्रांचे फोटो काढणं म्हणजे दिवसभर एकच वाक्य बोलत राहणं: हनुवटी जरा खाली. माझी अठरा वर्षं त्यात गेली. हाताला असं वळण पडलंय की डोकं रजेवर गेलं तरी काम अडत नाही. परवा तेच नडलं.

सकाळी निघताना कॅमेऱ्याचं नेहमीचं मेमरी कार्ड सापडेना. खणात रोलची एक जुनी प्लास्टिकची डबी होती, ती हलवली तर आत कार्ड वाजलं. उचललं आणि पळालो. कारखान्यात माणसं रांगेत उभी, सुपरवायझर मानगुटीवर बसलेला, आणि कॅमेरा सांगतोय, कार्ड लॉक आहे. कार्डाच्या कडेला एक बारीकसा खटका असतो, तो कोणीतरी ओढून ठेवला होता. मी तो नखाने सरकवला. मग नवं काम सुरू करताना नेहमी करतो तेच केलं, कार्ड फॉरमॅट केलं. म्हणजे आत होतं नव्हतं ते पुसून टाकलं. काय होतं ते बघितलंसुद्धा नाही. दोनशे बारा चेहऱ्यांनी ते लहानसं कार्ड काठोकाठ भरलं.

संध्याकाळी घरी आलो तर नाना, माझे वडील, उघड्या खणापाशी बसले होते. हातात रिकामी डबी.

"यातलं कार्ड तू नेलंस?"

"हो. का?"

"त्यात तुझी आई आहे."

आईच्या शेवटच्या आजारपणात नानांनी माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर तिचे फोटो काढले होते. खिडकीशी केस विंचरताना, सुईत दोरा ओवताना, "पुरे झालं आता" म्हणत हात आडवा धरताना. नाना चाळीस वर्षं रोलवर काम केलेले फोटोग्राफर, कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाहीत. "कॉपी करून देतो," असं मी वर्षभर म्हणत होतो. आज करू, उद्या करू. घरचं काम, त्याला कुठली आलीय तारीख. शेवटी त्यांनीच आपल्या परीने काळजी घेतली होती. खटका ओढला आणि कार्ड डबीत ठेवलं.

पुसलेले फोटो परत काढणारा एक प्रोग्रॅम माझ्याकडे आहे. तो तासभर कार्ड खरवडत बसला आणि त्याने तेच दोनशे बारा कामगार पुन्हा माझ्यापुढे उभे केले. मला माझी लाज वाटली. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"नाना, मी ते पुसलं. आणि त्यावर कारखान्याचे फोटो काढले."

नाना चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "भरलेला रोल परत कॅमेऱ्यात कोण घालतं रे?"

"चुकलं."

बराच वेळ ते डबीचं झाकण लावत-काढत राहिले. मग एकदम मान वर केली.

"त्यावर काढलेस म्हणालास ना? माझ्या हातूनही झालं होतं एकदा. एका लग्नाच्या रोलवर दुसरं लग्न काढलं. दोन नवरे एकावर एक. पोटभर शिव्या खाल्ल्या, पण दिसत होते दोघंही. तशी हीसुद्धा दिसेल, या लोकांच्या मागे. पुसट असेल. दाखव."

रोलवर जुन्या चित्रावर नवं चित्र बसतं आणि दोन्ही राहतात. कार्डावर नवं आलं की जुनं जातं, मागे काही उरत नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी पहिला फोटो उघडला.

नानांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. पहिला कामगार आला. निळा सदरा, झोप न झालेले डोळे. नाना त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या खांद्यामागची कोरी भिंत न्याहाळत होते.

"जरा उजेड वाढव."

मी वाढवला.

"इथं नाही ती. पुढचा."

मी बटण दाबलं. अजून दोनशे अकरा होते.