बारीक अक्षरांनी मोडलेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण बाजारहाट करणारी नव्हे. डोंगरमाथ्यावरून दगडधोंड्यांतून खाली झेपावायचे, शर्यत लावायची, यासाठी माझा जन्म झाला. माझा सांगाडा तैवानच्या कारखान्यात जोडला गेला आणि पुण्याच्या एका दुकानातून पाबळच्या ज्ञानेशने मला घरी आणले. तो रांजणगावला कंपनीत पाळीवर होता. सुट्टी आली की मला खांद्यावर घेऊन टेकडी चढायचा. उतरताना आम्हाला पाहायला शेतातली माणसे काम थांबवायची. फार चांगले दिवस होते ते.

चार वर्षांपूर्वी नेपाळमध्ये हौशी स्पर्धकांची उताराची शर्यत होती. ज्ञानेशला प्रवेश मिळाला. अट एकच होती, परदेशात उपचाराचा खर्च देणारा विमा हवा. तो मला घेऊनच शिरूरला इंद्रजीत नावाच्या विमा एजंटाकडे गेला. काचेच्या दाराला टेकून मी सगळे ऐकत होते.

"शर्यतीला चाललोय, इंद्रजीतभाऊ. पडलो तर?"

"सगळं कव्हर हाय रे! बिनघोर जा."

निघण्याआधी ज्ञानेशने माझा एकेक नट तपासला, ब्रेक दहादा दाबून पाहिले. विम्याचे कागद मात्र घडी करून पिशवीत टाकले.

नेपाळच्या डोंगरात एका वळणावर माझे पुढचे चाक खडकात अडकले आणि ज्ञानेशच्या मांडीचे हाड मोडले. दवाखान्यातून विमा कंपनीला फोन गेला. उत्तर आले, शर्यतीत झालेली दुखापत पॉलिसीत बसत नाही. एकतिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत तसे छापले होते म्हणे! घरच्यांनी धावाधाव करून सोय लावली, तोवर चार दिवस गेले. चार दिवस तो मोडकी मांडी घेऊन कण्हत पडला होता. हाड नीट बसले नाही. पाय तोकडा झाला, उभ्याने करायचे काम सुटले.

आणि राग कुणावर निघाला? माझ्यावर! त्याच्या आईने, शेवंताबाईंनी, मला कांदे साठवायच्या चाळीत ढकलले. मी तिथे गंजत पडले. इंद्रजीतच्या दुकानाला मात्र नवी पाटी लागली.

मला बाहेर काढले ते ज्ञानेशच्या धाकट्या बहिणीने, अक्षदाने. ती चालवायला शिकली. ज्ञानेश दगडावर बसून ओरडून शिकवायचा. यंदा त्याच शर्यतीत तिला प्रवेश मिळाला तेव्हा शेवंताबाई कडाडल्या, "एकाचा पाय गेला. आता तुझा बी घालवायचा का?"

"आई, हाड मोडलं म्हणून पाय न्हाई गेला. चार दिवस कुणी हात लावला न्हाई म्हणून गेला. मी लिहून घेतल्याशिवाय जाणार न्हाई."

ती मला घेऊन पहिल्यांदा इंद्रजीतकडेच गेली.

"अर्जात फिरायला चाललेय असं टाक," तो हळूच म्हणाला. "शर्यतीचं नावच काढू नको."

"म्हंजी पडल्यावर तुम्ही माझं नाव काढणार न्हाई, व्हय?" तिने अर्ज टराटरा फाडला.

मग फोन सुरू झाले. "सायकलिंग कव्हर आहे, मॅडम," सगळीकडे एकच उत्तर. "डोंगरउताराची शर्यत कव्हर आहे का? हो की नाही?" असे विचारले की पलीकडे गाणे लागायचे. एका मुलीने तेवढे सरळ "नाही" सांगितले. अक्षदाने तिचे आभार मानले. शेवटी एका कंपनीकडून लेखी आले: हौशी शर्यत, तिचा सराव, डोंगरावरून दवाखान्यापर्यंत नेणे, सगळे धरले आहे. दोघा भावंडांनी पॉलिसीतली ओळ न् ओळ वाचली, तेव्हाच ती निघाली.

सरावाच्या दिवशी आम्ही पडलो. माझे चाक वाकले, तिचे मनगट मोडले. शर्यत हुकली. संध्याकाळी तिने घरी फोन लावला. "ऑपरेशन झालं, दादा. बोटं हलतायत."

"आजच?" ज्ञानेशने विचारले. मग पुन्हा विचारले, "आजच्या आज?"

आम्ही परतल्यावर ज्ञानेशने माझे चाक सरळ करायला मला टेम्पोत घातले आणि शिरूर गाठले. पण आधी तो इंद्रजीतच्या दारात थांबला. मला दाराला टेकवून लंगडत आत गेला आणि आपली जुनी पॉलिसी टेबलावर आपटली.

"वाचा, इंद्रजीतभाऊ. एकतिसावं पान. मोठ्यानं."

"आता झालं-गेलं ते..."

"वाचा!"

समोर दगडाबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. दुबईला मुलाकडे जायचे म्हणून विम्याच्या अर्जावर सही करायला आलेल्या. इंद्रजीतने ती ओळ वाचली. दुसऱ्या शब्दालाच त्याचा आवाज खाली गेला. ज्ञानेशने पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदाही.

दगडाबाईंनी हातातले पेन टेबलावर ठेवले.

"आता माझं वाच," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानापास्नं. मला कुठं बी जायचं न्हाई."

मित्रांनो, माझ्या चेनला तेल घाला, ब्रेक तपासा, तेवढे मला पुरते. पण परक्या मुलखात ज्या कागदाच्या भरवशावर तुम्ही उतरणार, तो तपासल्याशिवाय माझ्यावर बसू नका. तोंडी "हो" घेऊन घरी येऊ नका, लिहून मागा. लिहून देत नसेल, तर उठा आणि दुसरे दार गाठा. माझ्या अंगावरचा गंज घासून निघाला. ज्ञानेशचे ते चार दिवस कुणी परत देणार नाही.