बियाण्याचं तवसं

शकूने तर्जनी फोनसमोर धरली आणि पहिल्या पेरावर अंगठ्याचं नख टेकवलं.

"एवढंच खोल. त्याच्या खाली घातलंस तर कुजंल."

पडद्यावर पूर्वी गुडघ्यांवर बसली होती. अंगात जाड जॅकेट, डोक्यावर लोकरीची टोपी, एक बोट मातीत. पनवेलजवळ सुकापूरला दिवेलागण झाली होती आणि तिकडे कॅनडात एडमंटनला नुकतं उजाडलं होतं. पूर्वीच्या मागे लाकडी कुंपण होतं. कुंपणाच्या सावलीत बर्फाचा एक मळकट ढीग अजून वितळायचा राहिला होता.

"आई, माती फार गार लागतेय. इथे मे संपेपर्यंत कोणी बाहेर काही लावत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, आधी घरात रोपं करा."

"त्यांना अक्षय तृतीया ठाऊक हाय का? आजचा वेल फळल्याबिगर ऱ्हात नाय. आमी जन्मभर आजच लावलं."

"मागं बर्फ दिसतोय, बर्फ," जगन ओट्यावरून म्हणाला. "सूनबाई काय बोलतंय ते ऐक जरा."

"तुमी गप ऱ्हावा. तुमची उभी हयात मिठागरात गेली. मीठ उगवत नाय."

पूर्वी हसली. जानेवारीनंतर तिचं हसू या घरात कोणी ऐकलं नव्हतं. ते लांबावं म्हणून शकूने नवऱ्याला आणखी दोन टोमणे मारले, आणि पूर्वीने सासूच्या शब्दाखातर थंड मातीत बिया टाकल्या.

निकेश जानेवारीत गेला. न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाड्यांच्या वेळा लावणारा त्यांचा एकुलता मुलगा कॅनडात जाऊन स्वतः ट्रक चालवायला लागला होता. गोठलेल्या रस्त्यावर तो ट्रक उलटला. पूर्वी अस्थी आणि पाच वर्षांच्या मनवाला घेऊन आली, दिवसकार्य होईपर्यंत राहिली, आणि मुलीची शाळा बुडू नये म्हणून परत गेली. निघताना म्हणाली, शाळा संपू दे, घर विकलं जाऊ दे, मग कायमचीच येते.

शकूने तेव्हा लुगड्याच्या तुकड्यात बांधून तवशाचं बी तिच्या पर्समध्ये घातलं होतं. तवसं म्हणजे त्यांच्या परसात पावसाळ्यात होणारी जाड, पोपटी काकडी. हात कामात राहतील, एवढंच शकू बोलली. मनातला हिशेब तिने सांगितला नाही. तवशाचा वेल गणपतीपर्यंत चालतो, मग वाळतो. वेल वाळेल तोवर पोरी इथे असतील.

जगनने वरच्या खोलीला फिका पिवळा रंग लावून घेतला. आजूबाजूला टॉवर उठल्यापासून भाड्याने खोली विचारायला रोज कोणी ना कोणी येई. कामोठ्याच्या एका दवाखान्यातली नर्स तर दोनदा येऊन गेली. जगन सगळ्यांना एकच सांगे, "खोली रिकामी नाय. सून येणार हाय."

मे महिन्यात एका संध्याकाळी फोन आला तेव्हा पडद्यावर आधी नुसती मातीच दिसली. मग काळे, लिबलिबीत पडलेले कोंब. दोन दिवस ऊन पडलं, कोंब वर आले आणि रात्रीच्या दवाने ते जळाले. तिथे दवही गोठतं, हे शकूला त्या दिवशी कळलं.

"सगळे गेले, आई," पूर्वी म्हणाली. "रात्री झाकायला हवे होते. मला कळायला हवं होतं. मी झोपले होते."

आणि ती रडायला लागली. अस्थींचा कलश हातात असताना न रडलेली पूर्वी जमिनीवर बसून, तोंडावर मातीचे हात धरून रडत होती. फोन गवतात आडवा पडला. शकूला फक्त आभाळ दिसत होतं आणि आवाज ऐकू येत होता. जगन ओट्यावरून उठून आत गेला.

बऱ्याच वेळाने शकू म्हणाली, "चूक माजी. दिवस इथला धरला मी." मग विचारलं, "सगळं बी नाय ना घातलंस?"

"नाही. थोडं मागे ठेवलंय. तुम्हीच सांगितलं होतं."

"मंग त्या शेजारणीला विचार. ती बोलंल तसं कर."

त्यानंतर रोजच्या फोनवर शकू शिकवायची कमी आणि विचारायची जास्त. दह्याच्या रिकाम्या डब्यांत बी घातलं होतं. डबे हीटरच्या जाळीजवळ ठेवले होते. कोंब खिडकीकडे वाकत म्हणून पूर्वी रोज डबे फिरवून ठेवी. बाहेर लावायच्या आधी रोपांना वाऱ्याची सवय करावी लागते. आज थोडा वेळ अंगणात, उद्या जरा जास्त, संध्याकाळी परत घरात. ही ने-आण मनवा करायची, खेळण्यातल्या ढकलगाडीतून.

"आजी, बेबीज बाहेर गेल्या होत्या," ती सांगे. "आता झोपल्यात."

"रडल्या नाय ना?"

"नो. दे लाइक इट."

जूनमध्ये रोपं जमिनीत गेली. शाळा संपली. घराला अजून गिऱ्हाईक नाही, पूर्वी म्हणाली. जगनने नव्या पनवेलच्या एका शाळेत मनवासाठी बोलून ठेवलं होतं. तिथून विचारणा झाली तेव्हा त्याने गणपतीनंतरचं सांगितलं. शकूच्या स्वतःच्या परसातला वेल तोवर मांडवावर चढला होता. परस म्हणजे आता कुंपणाची भिंत आणि शेजारच्या टॉवरचं पार्किंग यांमधली चिंचोळी पट्टी. ऊन दुपारपुरतंच येई. तरी तवशी लागली.

पहिलं चांगलं तवसं शकूने नेहमीप्रमाणे चिंधी बांधून राखलं. चिंधी बांधलेलं कोणी तोडत नाही. ते वेलावरच पिवळं होऊ द्यायचं, त्याचं बी काढायचं, राखेत कालवून मागच्या भिंतीवर थापायचं. ते पुढच्या सालाचं.

तिकडच्या वेलाला पहिलं फूल आलं त्या दिवशी पूर्वीनेच ती आठवण काढली.

"आई, मी चिंधीवालं तोडलं होतं, आठवतं?"

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणातली गोष्ट. पूर्वी कामोठ्याच्या सेक्टरमधली, फ्लॅटमध्ये वाढलेली. चिंधी म्हणजे हे तोडायचं अशी खूण, असं तिला वाटलं. तिने ते कोशिंबिरीला आणलं आणि शकूने आळी जागी होईल एवढा आरडाओरडा केला. निकेश मध्ये पडला. त्याने तवसं उभं चिरलं, मीठ लावलं आणि ओट्यावर बसून एकट्याने सगळं खाल्लं. म्हणाला, पुढच्या सालाचं औंदाच खाल्लं, आता भांडण मिटवा.

"त्याच्या पोटात दुखलं होतं नंतर," शकू म्हणाली.

"तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

दोघी हसल्या.

गणपती आले आणि गेले. पूर्वी तारखेचं काही बोलली नाही. शकूने विचारलं नाही. जगन मात्र रोज फोन संपला की विचारे आणि रोज काही न कळता ओट्यावर जाऊन बसे.

सप्टेंबरात एका संध्याकाळी जगन शकूच्या मागेच येऊन उभा राहिला. आज तारीख घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, असं त्याने तिला बजावलं होतं.

"मनवा कुठं हाय?" शकूने विचारलं.

"शाळेत सोडून आले. पहिलीत गेली ना. नवीन बाई आवडल्यात तिला." पूर्वी घाईने पुढे म्हणाली, "थांबा, वेल दाखवते."

फोन कुंपणाच्या कडेने चालू लागला. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. रात्री वेलावर घालायच्या जुन्या चादरी कुंपणावर वाळत होत्या. बोटभर लांबीची काही तवशी आता मोठी होणार नव्हती. पूर्वी एकेक दाखवत, काही ना काही सांगत बुंध्याकडे आली. तिथे तिचं बोलणं थांबलं.

बुंध्याजवळ एक थोराड तवसं लोंबत होतं. पोपटी रंग जाऊन त्यावर पिवळा चढत होता. देठाशी कापडाची एक पट्टी बांधली होती. भडक नारंगी, मधून चंदेरी रेघ. निकेशच्या कामावरच्या जाकिटाची. ट्रकसमोर उभं राहून त्याने पाठवलेल्या फोटोत तेच जाकीट होतं. तो फोटो आतल्या खोलीत हार घालून लावला होता.

पूर्वीने फोन हलवला नाही.

"आई," ती म्हणाली, "दिसतंय ना?"

मागून जगनने शकूच्या खांद्याला बोट लावलं. तारीख विचार. शकूने फोन स्वतःकडे थोडा वळवून घेतला, त्याला दिसणार नाही असा.

"दिसतंय," ती म्हणाली.



"आई, मला तुम्हाला कधीचं..."

"देठ सुकू दे," शकू म्हणाली. "घाई करू नको."

"इथे तेवढं ऊन उरलं नाही आता."

"मंग देठासकट काढ, आन् घरात घे. हीटरपाशी ठेव. आतल्या आत पिकतंय ते." तिने पदराने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती. "बी धुवून राखेत कालवायचं. राख नसंल तर कागदावर सुकव. आन् समदं एका दमात पेरू नको. थोडं मागं ठेव."

"हो, आई."

"मनवाला दाखव कसं काढायचं ते."

"हो."

पडदा काळा झाला. शकू फोन हातात घेऊन तशीच बसून राहिली. परसात तिचं चिंधीचं तवसं पिवळंधमक होऊन मांडवाला टेकलं होतं.

"काय बोलली?" जगनने विचारलं. "कवा येतंत?"

शकू उठली. फोन चार्जरला लावला. पिन नीट बसली की नाही ते दोनदा पाहिलं.

"ती नर्स आलेली ना खोली विचारायला," ती म्हणाली. "तिला बोलवा उंद्या."

वरच्या खोलीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला होती. जगन तिथपर्यंत गेला, आणि हात वर करून बराच वेळ तसाच उभा राहिला.