डावी पंगत

इंदुरीत कुणाच्याही घरी कार्य निघालं, की बुंदीची परात दत्तोबांच्याच हाती जायची. वाढण्यात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. पहिल्या पानाला जेवढं, शेवटच्या पानालाही तेवढंच. पंक्तिप्रपंच करणाऱ्याच्या घरचं ते पाणीही प्यायचे नाहीत. अशा माणसाच्या हाती सुनेनं, माधवीनं, सशांचं खाणं सोपवलं आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

माधवी तळेगावची, लग्नानंतरही नेटानं पशुविज्ञान शिकणारी. प्रबंधासाठी तिनं जुन्या गोठ्यात चोवीस पिल्लं आणून ठेवली होती. उजव्या रांगेतल्या बारांना रोजच्या खाण्यात शेवग्याच्या पाल्याची आणि मेथीची भुकटी, डाव्या रांगेतल्या बारांना नुसतंच खाणं. कोण जास्त वाढतं, कोण आधी वयात येतं, ते चार महिने बघायचं होतं. ती दिवसभर कॉलेजात, म्हणून दोन्ही वेळचं वाढणं सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे. डावीकडे चिमूटभरही भुकटी जायला नको, असं तिनं दहादा बजावलं होतं.

आबांनी आठ दिवस ते पाळलं. नवव्या दिवशी डावीकडची एक करडी मादी जाळीला नाक लावून उजवीकडे बघत बसलेली दिसली. एकच पंगत बसवायची आणि निम्म्या पानांना कोरडं उठवायचं, हे पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं. परसातल्या शेवग्याचा पाला त्यांनी माळ्यावर वाळवला, मेथी कुटली. डबा वेगळा, माप तेच. माधवीच्या भुकटीला आपण जादा हात लावला नाही, याचं त्यांना वर कौतुकच होतं.

चार महिन्यांनी शेवटचं वजन झालं. माधवीनं काटा दोनदा तपासला. दोन्ही रांगा सारख्याच भरल्या होत्या, वयातही बरोबरीनंच आल्या होत्या. ती तिथंच पोत्यावर बसली. भुकटीचा काही उपयोग नाही असंच आता लिहावं लागेल, म्हणाली. प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचा होता आणि मुदत एकदा वाढवून झाली होती.

आबांना सगळं उमगलं. गप्प बसावं तर सून खोटं लिहिणार, बोलावं तर तिच्याकडे लिहायला काही उरणार नाही. शेवटी त्यांनी माळ्यावरचा डबा आणून तिच्यापुढं ठेवला.

"पोरी, मी डावीकडं बी वाढत व्हतो."

"कधीपासून?"

"नवव्या दिसापास्नं. रोज. भेद न्हाई केला."

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं नुसती वही मिटली. खाण्याची वेळ झाली होती, चोवीस नाकं जाळीला लागली होती. माधवीनं आपल्या भुकटीचा डबा उघडून त्यांच्या हातात दिला.

"वाढा आबा. आता दोन्हीकडे वाढा."

आबांनी डब्यात हात घातला. तो काही केल्या वर येईना.