अडवलेलं वाचन

“कपाट उघडू देणार नाही,” अक्का म्हणाली आणि दोन्ही दारांना पाठ लावून उभी राहिली.

सिनेगॉगमधली शनिवारची, आम्हा यहुद्यांच्या शब्बाथची, सकाळ होती. हजान, म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे गृहस्थ, तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी वाचनासाठी काढायला पुढे झाले होते. त्यांचा हात हवेतच राहिला. ती गुंडाळी ज्या कपाटात असते त्याला आम्ही हेखाल म्हणतो. त्यासमोर बाई उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. बायका वर, जाळीमागे बसतात. माझी एकोणऐंशी वर्षांची बहीण जिना उतरून खाली कधी आली ते मला कळलंच नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. मी पोथीत डोकं खुपसलं होतं.

“अक्का, वर जा बघू,” अध्यक्ष म्हणाले. हा आमचा मावसभाऊ, आम्हा दोघांहून लहान. “प्रार्थना चाललीय.”

“चालू दे की. वाचन तेवढं थांबेल. माझं ऐकलंत की होते बाजूला.”

“आता काय ऐकायचं? काल समितीत ठरलंय.”

शुक्रवारी सकाळी इस्पितळात एक शिवणकाम करणारी बाई वारली. आमच्यातलीच, पण तरुणपणी तिनं परधर्मीयाशी लग्न केलं होतं. नवरा गेल्यावर परत आली आणि वर शेवटच्या बाकावर बसू लागली. मूलबाळ नव्हतं. समितीनं नियम दाखवला: बाहेर लग्न केलेल्याला आपल्या दफनभूमीत जागा नाही. रविवारी नगरपालिकेची माणसं तिला नेणार होती. शब्बाथला आम्ही कुणाला पुरत नाही. म्हणजे अक्काच्या हातात ही एकच सकाळ होती.

वारलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालायची, तहारा करायची, हे अक्काचं बेचाळीस वर्षांचं काम. शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, ती माझ्याकडे आली होती.

“किड्या, तुझ्या त्या पुस्तकांत काही सापडतंय का बघ. एरवी नुसती धूळ खातात.”

मी ग्रंथालयात कारकून होतो. पुस्तकी किडा हे नाव त्याच्याही आधीचं. मी सांगितलं, की पूर्वी ज्याच्यावर अन्याय झाला तो शब्बाथला वाचन अडवायचा आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तोरा उघडत नसत. सांगितलं आणि लगेच पस्तावलो. अक्काला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती झाल्यातच जमा.

“असली पद्धत कुणी ऐकलीय का?” अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं. दोघंतिघं हसले.

“माझ्या भावाला विचार.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या सभागृहात ‘आमेन’खेरीज मी मोठ्यानं काही बोललेलो नाही. उठताना माझी टालिथ, अंगावरची प्रार्थनेची शाल, बाकाच्या खिळ्यात अडकली आणि मी अर्धाच उभा राहिलो.

“आहे,” मी म्हणालो. “पान एकशे सदतीस.”

“अरे, पान कोण विचारतंय!” अध्यक्ष वैतागले. “पद्धत आहे का?”

“आहे. ऐकून घ्यावंच लागतं.”

पुस्तकात ‘काही गावांत’ असे दोन शब्द होते. ते मी गाळले. आयुष्यभर मी कुणाला चुकीचा संदर्भ दिला नव्हता.

“ऐक आता,” अक्का म्हणाली. “संसार कुणाशी केलास, असं मी एकाही बाईला विचारून पाणी घातलं नाही. तुझ्या आईलाही नाही.”

“आईला मध्ये आणू नकोस.”

“का? तिनंच या बाईकडून तोराचं आवरण शिवून घेतलं होतं. हे आतलं निळं मखमली. तेव्हा अठरा वर्षांची होती ती. काढ ते, दे तिचं तिला, आणि वाच उघडी तोरा! तिचे टाके चालतात आणि ती चालत नाही होय?”

हजान सावकाश पायरीवर बसले. “गुडघे दुखतात,” ते म्हणाले. “तुमचं चालू द्या. मला घाई नाही.”

अध्यक्षांनी घाम पुसला. “बरं. भिंतीकडच्या कोपऱ्यात देऊ जागा.”

“नाही. सगळ्यांच्या रांगेत.”

“अक्का, समजून घे—”

“बेचाळीस वर्षं उभ्यानंच काम केलंय मी. संध्याकाळपर्यंत उभी राहीन.”

“रांगेत,” अध्यक्ष पुटपुटले.

“मोठ्यानं. वर बायकांना ऐकू गेलं नाही.”

“रांगेत!”

अक्का बाजूला झाली. जिना चढताना तिला तीनदा थांबावं लागलं. ती जाळीमागे बसेपर्यंत हजानांनी दाराला हात लावला नाही.

रविवारी अंघोळीच्या खोलीबाहेर मी आणि अध्यक्ष बाकावर बसलो होतो. बाईच्या तहाराला पुरुषांनी आत जायचं नसतं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

“किड्या, खरंच आहे का रे तशी पद्धत?”

मला ते दोन शब्द आठवले.

“आता आहे,” मी म्हणालो.

पाणी थांबलं. कफन चढवून झालं की अंघोळ घालणाऱ्या बायका मृत बाईचं नाव घेऊन तिची क्षमा मागतात. ते दाराआड, हळू आवाजात असतं. त्या दिवशी अक्कानं दार हातभर उघडलं आणि पुन्हा आत गेली.

“आमच्या हातून तुझा अवमान झाला असेल तर क्षमा कर,” ती तिचं नाव घेऊन म्हणाली. मग जरा मोठ्यानं, “आम्हा सगळ्यांना.”

अध्यक्ष बाकावरून उठून उभे राहिले. मीही उठलो. या वेळी कुठं काही अडकलं नाही.