चित्राची तारीख

पाणीपुरवठा खात्यात मला माझ्या नावाने कुणी ओळखत नाही. मी ‘तारीखसाहेब’. उपग्रहाच्या नकाशावर बोट ठेवून कुणी म्हणालं, “इथे मोकळी जागा आहे, इथून पाइप नेऊ,” की मी विचारतो, “चित्राची तारीख बघितली का?” कारण नकाशातलं चित्र आजचं नसतं. चित्रातल्या मोकळ्या जागेवर एव्हाना तीन मजले चढलेले असतात, आणि खोदायला गेलेल्या आपल्या माणसांना वरच्या मजल्यावरून शिव्या खाव्या लागतात. अठ्ठावीस वर्षं मोजणीत काढल्यावर माणूस एवढं तरी शिकतोच. निदान माझा तसा समज होता.

एका सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

“नकाशे बघायला यापुढे एकच काहीतरी ठेवायचंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कॉम्प्युटरमधला जुना प्रोग्राम, नाहीतर वेबवरचा नवा. आठ दिवस दोन्ही वापरा आणि एक पानी अहवाल द्या. तुम्ही म्हणाल तो ठेवू.”

“जुनाच ठेवा.”

“आठ दिवसांनी म्हणा,” मॅडम म्हणाल्या आणि फायलीत डोकं घातलं.

जुना प्रोग्राम उघडायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात अख्खा कप चहा पिऊन होतो. पण एकदा उघडला की त्याच्यासारखा तोच. सगळ्या शहराची चित्रं मशीनमध्येच भरलेली, नेट असो नसो. मोजपट्टी चोख. आपल्या खुणा आपल्या फाइलमध्ये, दुसऱ्याला त्यांचा पत्ता नाही. नवा कुठल्याही ब्राउझरमध्ये, मोबाइलवरसुद्धा, चुटकीसरशी उघडायचा. चित्रंही ताजी. पण त्यात कुणीही उठावं, नकाशावर खूण टोचावी आणि खाली लिहावं, इथे गळतंय, इथे झाकण फुटलंय. चाचणीसाठी तो नागरिकांना खुलासुद्धा केला होता. नकाशाचा पार चव्हाटा झाला होता.

ही सगळी कारणं मी अहवालात लिहिणार होतो. खरं कारण वेगळंच होतं.

जुन्या प्रोग्राममध्ये, माझ्या फाइलमध्ये, एक बिननावाची खूण होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बैठं घर, लाल कौलं, अंगणात वाळूचा ढीग आणि पांढरी गाडी. माझ्या थोरल्या भावाचं घर. रोज दुपारी डबा खाल्ला की मी ते उघडायचो. गाडी दारात आहे, म्हणजे दादा घरी आहे, बरा आहे, असं मनाशी म्हणायचो आणि डबा धुवायला उठायचो. अकरा वर्षांत आमची एवढीच भेट.

दादा गवंडी. हाताखाली वीस माणसं, पण माझं घर त्याने स्वतः बांधलं, विटेला वीट लावून. घर झाल्यावर मी चार माणसं जेवायला बोलावली. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, ऑफिसातलं लेव्हलचं यंत्र आणून मी पाहुण्यांदेखत गच्चीचा उतार मोजला. “दीड इंच उलटा आहे,” मी जाहीर केलं. कुणीतरी हसलं. दादा म्हणाला, “उतार बरोबर आहे.” मी आकडा पुन्हा वाचून दाखवला. तो भरल्या ताटावरून उठला, चपला घातल्या आणि गेला. पावसात गच्ची गळली, तेव्हा मला आनंद झाला होता. स्वतःचं छत गळतंय म्हणून आनंद होणारा माणूस मी. वर निळी ताडपत्री टाकली, पण त्याला बोलावलं नाही. चार वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हाही कळवलं नाही. त्याने आपणहून यायला हवं होतं, असं धरून बसलो. न कळवता तो येणार कसा, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

अहवालासाठी तीन ठिकाणं दोन्हीकडे ताडून बघायची होती. पहिलं पंपघर, दुसरी उंच टाकी. तिसऱ्या ठिकाणी बोट आपसूक दादाच्या घराकडे गेलं.

वेबवर तिथे घर नव्हतं. कौलं नाहीत, गाडी नाही. भोवती पत्र्याचं कुंपण आणि मधोमध खड्डा.

मी दोनदा आकडे तपासले. जागा तीच. मग पहिल्यांदा जुन्या चित्राची तारीख बघितली. सात वर्षांपूर्वीची. या मशीनचं नेट काढून सात वर्षं झाली होती आणि ते काढायचा अर्ज माझ्याच सहीने गेला होता. सगळ्या खात्याला तारीख विचारणारा मी, सात वर्षं रोज दुपारी तीच एक दुपार बघत होतो. दादा बरा आहे म्हणत होतो.

त्याचा जुना नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. रविवारी बस पकडून त्या टोकाला गेलो. कुंपणाच्या दारात रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

“इथे एक बैठं घर होतं,” मी म्हणालो. “गवंड्याचं.”

“घर? मी आलो तेव्हापासून खड्डाच आहे, काका.”

“आधीची माणसं कुठे गेली?”

“ते मालकाला माहीत. आणि मालक कोण, ते मला माहीत नाही.”

शेजारच्या दोन दारांवर थाप मारली. दोन्हीकडे नवे भाडेकरू. परत येताना बसमध्ये मला हिशेब लागेना, की दादा आता सदुसष्टचा की अडुसष्टचा. सख्ख्या भावाचं वय आठवेना. रडू आलं, म्हणून तोंड खिडकीकडे केलं.

घरी येऊन मोबाइलवर नवा नकाशा उघडला आणि ज्याला नावं ठेवली होती तेच केलं. खड्ड्यावर खूण टोचली आणि खाली लिहिलं: ‘इथे माझा थोरला भाऊ राहत होता. गवंडी. कुठे गेला, कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवावे.’ शहरभर लोक फुटक्या झाकणांबद्दल लिहीत होते, त्यात माझं हे.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी अहवाल द्यायचा होता. सकाळी नकाशा उघडला. खड्ड्यावर माझी खूण तशीच एकटी. तो मिटणार, तेवढ्यात माझ्या गल्लीत एक नवी खूण दिसली. जवळ गेलो. खूण माझ्याच घरावर होती, बरोबर गच्चीच्या मधोमध. खाली नाव नव्हतं.

‘उतार बरोबर आहे. ताडपत्री मागच्या कोपऱ्यातून सरकली आहे. त्यावर चार विटा ठेव. तीन वर्षं झाली, कुंड्यांची हिरवी रांग दिसत नाही. तिला बरं नाही का?’

मी ते किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. कुंड्या बायकोच्या. ती गेल्यावर वर्षभरात सगळ्या वाळल्या आणि मी त्या जिन्याखाली रचून ठेवल्या. घरी येणाऱ्या कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. मुळात घरी येतंच कोण होतं? आणि दादा कुठूनतरी, मोबाइलवरच्या कुठल्यातरी नकाशात, वर्षामागून वर्ष, माझी गच्ची बघत होता. तारखेसकट.

अहवालात मी लिहिलं, ‘वेबवरचा ठेवावा. चित्रं ताजी असतात आणि लोकांना लिहिता येतं.’ मॅडमनी भुवया उंचावल्या.

“जुन्याचं काय झालं?”

“जुनं फार झालं,” मी म्हणालो आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गच्चीवर चढलो. दोन पावसाळे वर फिरकलो नव्हतो. मागचा कोपरा खरंच उघडा पडला होता, त्यात पाणी साचून वाळल्याचे डाग होते. जिन्याखालून विटा आणल्या. दादानेच बांधकामातून उरवून ठेवलेल्या. ताडपत्री ओढून घेतली, कोपऱ्यावर चार विटा ठेवल्या आणि तिथेच खाली बसलो. वर बघितलं. निरभ्र आकाश, दुसरं काही नाही.

मग मोबाइल काढला आणि त्याच्या खुणेखाली लिहिलं:

‘विटा ठेवल्या. उतार चुकलेलाच आहे, येऊन बघ. तिचं इथे लिहिता येत नाही, दादा. ये.’