अंगठ्याची खोड

तीस वर्षं भगवंत रिळाचा कॅमेरा वापरत आला होता. यंदा लेकीने, चैतालीने, त्याच कंपनीचा डिजिटल आणून दिला. दिसायला हुबेहूब तसाच, पण जुन्याची चकती उजवीकडे फिरवली की शटरचा वेग वाढायचा, याची डावीकडे. भगवंतला पहिल्या दिवसापासून त्याचा तिटकारा आला होता. तरी पुतण्याच्या लग्नाला सुरतेत, कतारगामच्या हॉलमध्ये तो हाच घेऊन गेला.

जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने खटका ओढून रीळ पुढे सरकवावं लागायचं. नव्यात नेमकं त्याच जागी उजेड कमीजास्त करायचं चाक होतं. लग्नभर अंगठा सवयीने ओढत राहिला, आणि फोटो उजळत गेले. काढलेला फोटो लगेच पाहायची भगवंतला सवयच नव्हती.

आता घरी कॉम्प्युटरवर सुरुवातीच्या त्रिशरणाचे फोटो झकास दिसत होते. पुढे मात्र नवरीची पांढरी साडी आणि नवऱ्याचा पांढरा सदरा मागच्या भिंतीत विरघळले. हार घालतानाच्या फोटोत तर नुसते दोन हार हवेत लटकत होते.

"थू असल्या यंत्रावर!" भगवंत ओरडला. "हे बनवणाऱ्याला अंगठाच नसेल!"

"बाबा, हळू. काकू आल्यात."

नवऱ्याची आई, अंजनाबाई, चष्मा पुसत पडद्यापाशी वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हार छान आलेत, भाऊजी," ती म्हणाली. "पोरं कुठायत?"

पुढचा फोटो लावताना भगवंतचा अंगठा हवेतच खटका ओढून गेला.