सासूबाई मशीनमध्ये रडतात

रविवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, दारात माणसांचा. सगळ्यांच्या माना न्हाणीघराकडे वळलेल्या, आणि न्हाणीघरात होतं काय, तर कपडे धुण्याचं मशीन. पुढून गोल काचेचं दार असलेलं, दहा वर्षांचं जुनं. कपड्यांचं शेवटचं खळबळणं सुरू झालं, मशीनच्या पोटाखालून पाण्याचा ओघळ निघाला आणि गर्दीतून हुंदका फुटला.

“आली! आई आली!” नणंदेने टाहो फोडला. “वास घ्या, वास! आईच्या पदराचा वास!”

वास खराच होता. लोकांनी ओंजळी पुढे केल्या. एकीने बाटली भरून घेतली. एका आजोबांनी ते पाणी डोळ्यांना लावलं आणि मग बराच वेळ डोळे चोळत बसले. त्यांना गहिवरून आलंय, असं सगळ्यांना वाटलं.

सून भिंतीला टेकून हे बघत होती. सासूबाई जाऊन महिना झाला होता आणि तेव्हापासून हे असंच चाललं होतं. नणंदेने मशीन लावलं की फरशी कोरडी, सुनेने लावलं की ओली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, “मेकॅनिकला बोलवू या.”

“स्वतःचं पाप मशीनवर ढकलू नकोस, वहिनी,” नणंद म्हणाली, आणि मेकॅनिकऐवजी महाराज आले.

महाराजांनी निकाल दिला तो असा: सुनेने सासूचा जीव जाळला, म्हणून सासू रडते. सुनेने सोमवारी माहेरी जावं, ते एकटीनेच. सहा वर्षांची मुलगी इथेच राहील, आणि तोपर्यंत आईने तिला शिवायचं नाही. आठ दिवस पोर आत्याजवळ झोपत होती. नवऱ्याने मान डोलावली होती. मान डोलावणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम. आधी आईपुढे, आता बहिणीपुढे.

आज जाण्याआधीची शेवटची परीक्षा होती, चारचौघांसमक्ष.

“आम्ही अंधश्रद्धा मानत नाही,” महाराज गुबगुबीत हात उचलून म्हणाले. “आम्ही प्रयोग करतो! आत्मा वायुरूप. वायूला पोकळी लागते. ड्रम म्हणजे पोकळी! वरून झाकण असलेल्या मशीनमध्ये आत्मा राहत नाही. झाकण उघडलं की उडून जातो.”

“अहाहा,” कुणीतरी म्हणालं.

“आधी ताईंनी स्वतःचे दोन कपडे धुतले. पाण्याचा थेंब नाही! मग सूनबाईंनी घरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुतले. आता अश्रू तुमच्यासमोर आहेत. अजून काय पुरावा पाहिजे?”

“छत्री,” दारातून आवाज आला.

खालच्या मजल्यावरचे मास्तर होते. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, फाटक्या तोंडाचे, हातात भिजून फुगलेलं जाडजूड पुस्तक. “तुमच्या आई महिनाभर माझ्या छतातून माझ्या अंथरुणावर टपकतायत. जिवंत होत्या तेव्हा कधी माझ्याकडे चहालासुद्धा आल्या नाहीत.”

“मास्तर! माणूस गेलंय हो घरातलं!” नणंद ओरडली.

“माणूस गेलंय, अक्कलही गेली का? सरका.” ते गुडघे मोडून खाली बसले. “महाराज, प्रयोग करता ना? मग नीट करा. माणूसही बदलला आणि कपड्यांचा भारही बदलला, तर फरक कशाने पडला ते कसं कळणार? सातवीतलं पोर सांगेल. ताई, आता ह्या चादरी तुम्ही घाला. सगळ्या.”

“मी? मी घरच्या कपड्यांना हात लावत नाही. माझे मी वेगळे धुते.”

“ते कळलंच मला. घाला.”

गर्दी बघत होती, त्यामुळे नणंदेला नाही म्हणता येईना. तिने ओल्या चादरी दोन बोटांनी धरून आत कोंबल्या. मास्तरांनी खटका नुसत्या खळबळण्यावर फिरवला. महाराजांनी मोठ्याने जप सुरू केला. वीस मिनिटं कुणी हललं नाही. मग मशीनखालून ओघळ आला, तो थेट नणंदेच्या पायांपर्यंत.

ती किंचाळून मागे सरली. “महाराज! आई माझ्यावर का रडते?”

“तुमच्यावरही राग असेल,” महाराज घाईने म्हणाले. “आत्मा चंचल असतो.”

“आता हिची पाळी.” मास्तरांनी सुनेला खुणावलं. तिने नणंदेचे दोन झुळझुळीत कपडे आत टाकले. पुन्हा वीस मिनिटं गेली. फरशी पुसलेली होती ती तशीच कोरडी राहिली.

मास्तरांनी मशीनची पिन काढली, दार उघडलं, दाराभोवतीच्या रबराची खालची घडी उलटली आणि टॉर्च मारला. घडीत दोन बोटं जातील एवढी चीर होती.

“या तुमच्या आई. दोन कपडे असले की पाणी चिरेच्या खाली राहतं. भरगच्च चादरी असल्या की मशीन पाणी जास्त ओढतं, ओलं ओझं दारावर रेलतं, चीर उघडते. शेवटच्या खळबळण्यात कपडे मऊ करायचं सुगंधी औषध पडतं, त्याचाच हा वास. सासूबाईंच्या पदराला तोच यायचा, कारण त्यांचे कपडे ह्याच मशीनमध्ये धुतले जायचे. कोण धुवायचं?”

माना सुनेकडे वळल्या. दहा वर्षं कोण धुवायचं ते घराला ठाऊक होतं.

“आजोबा, डोळे साध्या पाण्याने धुवा. ते औषध आहे,” मास्तर म्हणाले. “आणि महाराज, कुणाला काय धुवायला द्यायचं हे ठरवलं कुणी? तुम्हीच ना?”

महाराज तोवर चपला शोधत होते. जिथे शंका तिथे आत्मा थांबत नाही, असं काहीतरी पुटपुटत ते जिना उतरले. बाटलीवाल्या बाईने बाटली घट्ट धरली. “असू दे हो, घरात ठेवायला काय हरकत आहे?”

नवरा घसा खाकरून म्हणाला, “चला, गैरसमज मिटला. उद्याचं जाणं रद्द.” जणू बक्षीसच देत होता.

“नवं रबर येईपर्यंत वहिनी कपडे थोडे थोडे करून दोनदा मशीन लावेल,” नणंद म्हणाली.

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. तिने आत्याजवळ उभ्या असलेल्या मुलीकडे हात पसरले. मुलगी एक पाऊल मागे सरली आणि आत्याकडे बघू लागली, जाऊ का म्हणून.

“जा,” आत्याने परवानगी दिली.

महिनाभरात ऐकलेल्या साऱ्या शिव्याशापांपेक्षा तो एक शब्द सुनेला जास्त लागला. आपल्याच पोरीला आपल्याजवळ यायला परवानगी!

“थांब,” ती म्हणाली. “आत्याने सांगितलं म्हणून येऊ नकोस. मी सांगते म्हणूनही नको. आजी माझ्यामुळे रडते असं तुला सांगितलंय ना? मग इथे वाक. स्वतः बघ.”

मुलगी हळूहळू मशीनपाशी आली. मग फरशीवर बसली, आणि आपल्या आईला हात लागणार नाही अशा बेताने अंग चोरून तिने रबराच्या घडीत बोट घातलं. बोट आरपार गेलं.

“फाटलंय,” ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघू लागली. “मग तुम्ही कुणीच कसं नाही बघितलं?”